पार्ले पूर्वेला राहायला जावं का? (भाड्याने)

फडकेरोडवाली
नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही डोंबिवलीत राहतो. स्वतःचा वन बीएचके आहे, कर्ज फिटलंय. मी बीकेसीत नोकरीला, नवरा सीप्झमध्ये. मला कुर्ल्याला उतरून पुढे बस नाहीतर शेअर रिक्षाची रांग, त्याला घाटकोपरला उतरून मेट्रोचा जिना. पावसाळ्यात दोघंही घरी किती वाजता पोचू हे मध्य रेल्वेच ठरवते. लेक येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. माझ्या आतेसासूबाई पार्ले पूर्वेला असतात. त्यांनी धोशा लावलाय, "इकडेच या, हिला पार्ले टिळकमध्ये घालू, मी आहे दुपारची बघायला."

विकत घेणं सात जन्मांत जमायचं नाही. भाड्याने जायचं तर जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत वन बीएचकेला एजंट ४५ ते ५० हजार सांगतोय. डोंबिवलीचं घर दिलं तर पंधरा-सोळा हजार येतील. म्हणजे महिन्याला तीसेक हजारांचा खड्डा. तो हिशेब आम्ही मांडलाय आणि ओढूनताणून बसतोही.

मला विचारायचंय ते भाड्यापलीकडचं. अशा महाग वस्तीत आपल्यासारखी माणसं रोजची कशी राहतात? भाजी, कामवाली, पोरीच्या मैत्रिणींचे वाढदिवस, शेजारपाजार. हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका आणि उगाच घाबरवूही नका.

बटाटेभाव
धागा सुरू झालाच आहे तर एक विनंती. बिस्किटाच्या वासाच्या आठवणी कोणी काढू नका. कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, आठवणी मात्र इथे दर महिन्याला गरमागरम निघतात.

ताई, भाजीचं सांगतो. स्टेशनसमोरच्या मार्केटात कोथिंबिरीची जुडी डोंबिवलीच्या दीडपट, पण निवडलेली, स्वच्छ. ओले काजूगर, फणसाचे गरे, भोकरं, सोललेला वाल, सगळं हंगामात मिळतं. पैसे त्या सोलण्याचे आहेत. इथे म्हातारी माणसं खूप, सोलणारे हात कमी, आणि ते त्या भाजीवाल्यांना बरोबर ठाऊक आहे. तुम्ही स्वतः सोलणाऱ्या असाल तर लांबचा बाजार बघा.

गोरेपुलाखाली
आधी जाण्यायेण्याचं बोलू, बाकी गप्पा नंतर.

पार्ल्याला फास्ट गाडी थांबत नाही. स्लो आणि हार्बर. सुरुवातीला त्रास वाटतो, मग लक्षात येतं की बसायला जागा कधीकधी मिळते. पण तुमच्यासाठी खरी गोष्ट मेट्रो ३ आहे. हायवेला लागून टी-१, म्हणजे डोमेस्टिक विमानतळाचं स्टेशन. तिथून एका दिशेला बीकेसी, दुसऱ्या दिशेला सीप्झ, एकाच मार्गावर. २०२४ च्या ऑक्टोबरपासून हा टप्पा चालू आहे. तुम्ही दोघं एकाच स्टेशनवरून विरुद्ध दिशांना जाल आणि अर्ध्या तासाच्या आत खुर्चीत असाल.

आता याचा दुसरा अर्थही बघा. मेट्रोसाठीच यायचं असेल तर मरोळलाही स्टेशन आहे आणि तिथे भाडं कमी. पार्ल्याचं जास्तीचं भाडं तुम्ही आतेसासूबाईंसाठी, शाळेसाठी आणि पार्ल्यासाठी देणार आहात. ते तुम्हाला हवंय का, हे ठरवा.

वाहतुकीबद्दल एक. अंधेरीचा गोखले पूल २०२२ च्या नोव्हेंबरात बंद झाला, तेव्हा अर्धी अंधेरी आमच्या अंगावरून पश्चिमेला जात होती. खिडकी उघडायची सोय नव्हती. महाग वस्ती असली म्हणून शेजारच्या वस्तीची दुखणी चुकत नाहीत.

हनुमानरोड
फडकेरोडवाली, मी इथे जन्मलो आणि सत्तरी इथेच ओलांडली. तुम्ही "आपल्यासारखी माणसं" म्हटलंत म्हणून लिहितो. पार्ल्यातली निम्मी जुनी माणसं तुमच्यासारखीच आहेत. फक्त त्यांच्या बुडाखाली कोट्यवधींची जमीन आहे आणि ती विकल्याशिवाय त्यातला रुपया हाती येत नाही. मी निवृत्त बँक कर्मचारी. माझं घर आज विकायला काढलं तर साडेतीन कोटींच्या पुढे जाईल म्हणतात. माझं पेन्शन विचारू नका.

आधी चांगलं सांगतो. पायी फिरता येतं, यासारखी चैन मुंबईत दुसरी नाही. लोकमान्य सेवा संघ, म्हणजे आमचं टिळक मंदिर, १९२३ पासून आहे. तिथलं ग्रंथालय, व्याख्यानं, दीनानाथला नाटक, पार्लेश्वराच्या आवारात संध्याकाळी भेटणारी तीच ती माणसं. यातलं बहुतेक फुकट किंवा नाममात्र पैशांत. पार्ले टिळक तर १९२१ ची शाळा, तीन-तीन पिढ्या एकाच बाकावर बसल्यात. तुमच्या लेकीला मराठी माध्यमात घालणार असाल तर आनंदाने घालतील. तिकडे मुलं हवीच आहेत. इंग्रजी माध्यमाला मात्र रांग आहे, त्यामुळे ते आधी विचारून घ्या.

आता दुसरी बाजू. आमची इमारत तीन मजली होती, बिनलिफ्टची. महिन्याचा मेंटेनन्स अठराशे रुपये. पुनर्विकास झाला, मला ४६० चौरस फुटांचे ६३० मिळाले, वर कॉर्पस (बिल्डरकडून एकरकमी पैसे) मिळाला, पेढे वाटले. पहिलं बिल आलं तेरा हजार चारशेचं. मी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं. लिफ्टचा देखभाल करार, जनरेटरचं डिझेल, सुरक्षारक्षक दोन पाळ्यांत, जिमच्या यंत्रांची दुरुस्ती, आणि यांत्रिक पार्किंगची देखभाल. माझ्याकडे गाडी नाही, कधीच नव्हती. पण ते पार्किंग वरखाली होतं त्याचे पैसे मी देतो. शिवाय पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना महापालिकेने २०२२ पासून मालमत्ता कर माफ केलाय, तो मला जुन्या घराला माफ होता. नवं घर पाचशेच्या वर गेलं, त्यामुळे माफीही गेली. घर मोठं झालं आणि मी लहान झालो, असं आमची ही म्हणते.

कॉर्पसच्या व्याजातून मेंटेनन्स जातो. व्याजदर उतरले की मी पेन्शनमधून भर घालतो. कोणी म्हणेल, विका आणि पुण्याला जा. गेले की कितीतरी. फोनवर विचारतात, "आज दीनानाथला काय आहे रे?"

माजी_सचिव
हनुमानरोडकाकांशी सहमत. काका, बिलाची प्रत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, पार्किंगचा आकार कसा लावलाय तो बघतो. सेवाशुल्क सगळ्यांना समान असतं, पण पार्किंगचं शुल्क ज्याच्याकडे पार्किंग आहे त्याच्याकडूनच घ्यायला हवं. यांत्रिक पार्किंगची देखभाल बऱ्याच सोसायट्या सरसकट सेवाशुल्कात घुसडतात. सर्वसाधारण सभेत विषय लावून घ्या.

बाकीच्यांसाठी, पार्ल्यात प्रत्येक गल्लीत पत्रे आणि हिरवी जाळी का दिसते ते थोडक्यात. विकास नियंत्रण नियमावली २०३४ मध्ये ३३(७)(ब) आहे. जुन्या सोसायटीने पुनर्विकास केला की आधीच्या बांधीव क्षेत्राच्या १५ टक्के किंवा दर सदनिकेमागे १० चौरस मीटर, यांतलं जे जास्त ते प्रोत्साहन म्हणून मिळतं. त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क), प्रीमियम (सरकारला पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) वगैरे चढवून बिल्डर जे जास्तीचे मजले बांधतो ते विकतो, आणि त्यातूनच जुन्या सभासदांची घरं फुकट होतात. विक्रीचा भाव जितका चढा, तितकं सभासदाला जास्त देता येतं. पार्ल्यात भाव चढा, म्हणून इथे बिल्डर रांगेत उभे.

पण हा हिशेब सगळ्या पार्ल्याला लागू नाही. धावपट्टीच्या टोकाला, विमानं उतरण्याच्या मार्गात ज्या इमारती आहेत त्यांना उंचीची मर्यादा. चटईक्षेत्र कागदावर मिळतं, वर चढवायला आभाळ नाही. विकायला मजले उरत नाहीत, बिल्डर पाय मागे घेतो. दोन गल्ल्यांच्या अंतरावर एकाला जिम आणि दुसऱ्याला टेकू लावलेली गॅलरी, असा हा प्रकार.

आणि ताई, तुमचं भाडं इतकं का, त्याचं उत्तरही इथेच आहे. एकेक इमारत पाडली की वीस-पंचवीस कुटुंबं एका महिन्यात भाड्याचं घर शोधतात, तेही पार्ल्यातच, कारण मुलांची शाळा आणि आईवडिलांचे डॉक्टर इथे. त्यांचं भाडं बिल्डर देतो, बहुतेकदा वर्षाचे चेक आगाऊ. घरमालकाला तुमच्यापेक्षा तेच भाडेकरू लाडके. तेव्हा भाव करताना वेळ बघा. नुकतीच एखादी इमारत रिकामी होत असेल तर त्या महिन्यात घर शोधू नका. एखाद्या पूर्ण झालेल्या इमारतीत लोक परत जात असतील तेव्हा शोधा. तेव्हा घरं एकदम मोकळी होतात.

ओलेकाजू
सचिव, +१. भाड्याच्या घरांचं अगदी खरं.

शेजारपाजाराबद्दल मी लिहिते, कारण ते कोणी लिहिणार नाही. आमच्या जुन्या चाळवजा बिल्डिंगमध्ये कोळीण दारावर यायची. पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकू मासे खात नसत, पण जिन्यात तिला पाणी द्यायच्या. नव्या इमारतीत जुने आम्ही अकरा, नवे घेतलेले सतरा. कोळणीला आता गेटवर अडवतात, अॅपवर नाव घाला म्हणतात. गेल्या श्रावणाआधी माझ्या सासऱ्यांनी सुके बोंबील भाजले. रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणाचं तरी, "किस फ्लोअर से स्मेल आ रही है?" मग नाक दाबलेल्या स्मायलींची रांग. सासरे ग्रुपवर नाहीत, म्हणून त्यांना कळलं नाही. मला कळलं.

भांडण झालं नाही. कोणी काही बोललं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एक बाई माझ्या पिशवीकडे बघत होत्या. पिशवीत पडवळ होतं.

तेव्हा घर बघायला जाल तेव्हा एजंटला पहिला प्रश्न तोच विचारा: इमारतीत मासे चालतात का? तो "फॅमिली लोक आहेत, सगळं शांत" असं म्हणाला तर पुढे चला.

कडू_कारलं
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पार्लेकरांचं रडगाणं ऐकण्यासारखं असतं. साडेतीन कोटींच्या घरात बसून तेरा हजारांचं बिल रडायचं. आम्ही बदलापूरला पाणी दिवसाआड भरतो. पुण्याला जा ना. दीनानाथचं नाटक पुण्याला येत नाही काय?

हनुमानरोड
येतं की. पण नाटकानंतर कट्ट्यावर तासभर भांडायला माझी माणसं तिथे नाहीत.

तुमचा राग चुकीचा नाही, कारलेभाऊ. आमच्या वडिलांनी १९६४ मध्ये हे घर घेतलं तेव्हा त्यांचा पगार आणि घराची किंमत यांचं काही नातं होतं. आज माझ्या मुलाच्या पगाराचं आणि याच घराच्या किमतीचं नाही. तो कामोठ्याला राहतो. रविवारी येतो. मी गेलो की हे घर तो विकणार, आणि मी त्याला दोष देणार नाही.

वसईकर_नाइलाजाने
माझी गोष्ट पुढच्या प्रकरणासारखी आहे. आम्ही तीन भावंडं, पार्ल्यात दीक्षित रोडजवळ घर, आईवडील गेले. एकाने ठेवायचं तर दोघांना त्यांचा हिस्सा द्यायचा, आणि तेवढे पैसे तिघांपैकी कोणाकडे नव्हते. विकलं. तिघं तीन गावांना. पैसे चांगले आले, खोटं कशाला बोलू. वसईत टू बीएचके झाला, मुलीचं शिक्षण झालं.

लोक म्हणतात, मराठी माणूस पार्ल्यातून हाकलला गेला. काहींना हाकललं असेल. आमच्यासारख्यांना वाटणीने घालवलं. २०२४ मध्ये पार्ले पंचम या संस्थेने मागणी केली होती की नव्या इमारतींत पन्नास टक्के घरं पहिलं वर्षभर मराठी माणसांसाठी राखून ठेवा. मी ती बातमी लोकलमध्ये वाचली. समजा राखून ठेवली, घेणार कोण? छोटी घरं बांधा आणि मेंटेनन्स आटोक्यात ठेवा, हा त्यातला जो भाग होता तो मला जास्त पटला. तसं घर असतं तर आमच्या धाकट्याने कर्ज काढून ठेवलं असतं.

फ्रीमाँटकर
कॅलिफोर्नियातून लिहितोय, चालत असेल तर वाचा. इथेही हाच खेळ आहे, फक्त बाजू उलट. १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे मालमत्ता कर घर विकत घेतानाच्या किमतीवर लागतो आणि दर वर्षी दोन टक्क्यांपलीकडे मूल्यांकन वाढवता येत नाही. माझ्या शेजारच्या आजी सत्तरच्या दशकापासून इथे आहेत. तशाच घराला मी त्यांच्या कितीतरी पट कर भरतो. म्हणून त्या हलत नाहीत. पार्ल्यात जुन्याला नवं घर जड होतं, इथे नव्याला जुन्याच्या शेजारचं. तेवढंच सांगायचं होतं. आणि हो, सोललेला वाल इथे फ्रोझन मिळतो, तो खाऊन बघू नये.

कडू_कारलं
अनुमोदन. शेवटच्या वाक्याला.

गोरेपुलाखाली
धागा भरकटतोय. ताईंनी कामवालीचं आणि वाढदिवसांचं विचारलं होतं.

कामवाली: केर-लादी, भांडी असं प्रत्येक कामाचं वेगळं. आमच्याकडे बामणवाड्यातून बाई येतात, पंधरा मिनिटांवर. पण त्या वस्त्याही पुनर्विकासात निघाल्या की बायका नालासोपाऱ्याहून येऊ लागतात, आणि मग पहाटे साडेपाचच्या गाडीचा उशीर तुमच्या चहाला लागतो. पगार त्यात वाढतो आणि वाढायलाच हवा.

ओलेकाजू
वाढदिवसांचं मी सांगते, आईच जास्त जाणे. अगं, शाळेवर आहे. मराठी माध्यमात अजून घरी बोलावतात, वेफर, केक, मसालेदूध. इंग्रजी माध्यमात काही वर्गांत हॉल घेऊन, जादूगार बोलावून करतात आणि परतीची भेट म्हणून डबा-बाटली देतात, जी आपल्या भेटीपेक्षा महाग असते. पहिली दोन वर्षं मला लाज वाटायची. मग आम्ही पाच आयांनी मिळून एकच वाढदिवस सुरू केला, महिन्यातल्या सगळ्या मुलांचा, बागेत. बागेत केक कापू देत नाहीत, त्यामुळे बाहेरच्या कट्ट्यावर कापतो. मुलांना काही फरक पडला नाही. दोन आयांना पडला, त्या आल्या नाहीत.

पोरीला फरक कळतो का? कळतो. तिने मला एकदा विचारलं, आपल्याकडे वॉचमन सलाम का नाही करत. कारण आपण चालत येतो, बाई.

फडकेरोडवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला अख्खा धागा वाचून दाखवला. पडवळावर तो पाच मिनिटं हसत होता, मग म्हणाला, आपल्याला घर पहिल्या मजल्यावर नको, वास वरच जाऊ दे.

मेट्रो ३ चं डोक्यात नव्हतं. रविवारी टी-१ पासून आतेसासूबाईंच्या घरापर्यंत चालत जाऊन बघितलं. लेकीसकट पंचवीस मिनिटं लागली, कारण तिला प्रत्येक विमान थांबून बघायचं होतं. मरोळलाही दोन घरं बघितली. एक मोठं होतं, गॅलरीसकट, भाडं दहा हजारांनी कमी. पण दुपारी लेकीला कोण, हा प्रश्न तिथे उरतो आणि पाळणाघराला ते दहा जातातच. म्हणजे मरोळ आणि पार्लं जवळजवळ एकाच भावात पडतात, आणि आतेसासूबाई पाळणाघरापेक्षा बऱ्या. (त्या या साइटवर नाहीत, म्हणून लिहिते.)

तेव्हा शोधतोय. अकरा महिन्यांसाठी येऊ, डोंबिवलीचं घर विकणार नाही, हे दोघांनी ठरवलंय.

दोन गोष्टी अजून सांगा. एक, भाडेकरू म्हणून सोसायटी आमच्याकडून वेगळे पैसे मागू शकते का? एका ठिकाणी "मूव्ह-इन चार्ज दहा हजार" म्हणाले. दोन, नवऱ्याची अॅक्टिव्हा कुठे लावायची?

माजी_सचिव
एक: बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याचं) म्हणून सोसायटी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेऊ शकते, आणि ते मालकाकडून, तुमच्याकडून नाही. मूव्ह-इन चार्जला उपविधींत आधार नाही. सामान नेताना लिफ्ट खराब होईल म्हणून परत मिळणारं डिपॉझिट मागतात, ते एक वेळ समजू शकतो. पावती मागा. पावती म्हटलं की दहाचे दोन होतात, असा माझा अनुभव आहे, आणि मी त्या बाजूच्या खुर्चीत बसलेलो आहे.

करार नोंदणीकृतच करा, पोलिसांत भाडेकरूची माहिती द्या. पुनर्विकासाची बोलणी चालू असलेल्या इमारतीत जात असाल तर किती पुढे गेलीत ते सचिवांना विचारा. २०१९ च्या ७९अ च्या (सहकार कायद्यातलं पुनर्विकासाचं कलम) आदेशानंतर ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, त्यामुळे "अजून दहा वर्षं काही होत नाही" यावर विसंबू नका. मालकाने मुदतीआधी घर सोडायला लावलं तर निदान दोन महिन्यांची नोटीस आणि दलाली परत, एवढं करारात घाला.

बटाटेभाव
दोन: अॅक्टिव्हा जुन्या इमारतीत जिन्याखाली, नव्या इमारतीत देवाच्या भरवशावर. रस्त्यावर लावली तर टोइंगवाले गुरुवारी मार्केटच्या बाजूने येतात. आमच्या गल्लीत, टिळक मंदिराच्या मागच्या बाजूला, एका काकांच्या आवारात महिन्याला पाचशेने जागा आहे. व्यनि करतो. त्यांना सकाळी सातच्या आधी स्टार्टरचा आवाज चालत नाही, तेवढं नवऱ्याला सांगा.